सव्यसाचीचा डावा हात



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या अकराव्या अध्यायातला ३३ वा श्लोक घेतला आहे. विश्वरूप बघून अर्जुन पुरता हादरलाय. भगवंत त्याला सांगतायत की आता ऊठ, यश मिळव. समोर उभ्या असलेल्यांचं जे व्हायचं ते माझ्याकडून आधीच होऊन गेलंय, तू फक्त निमित्त हो.

श्लोक आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. 'निमित्तमात्र' हा शब्द तर कुणाचं काम छान झालं की आपण विनयाने वापरतोच. पण या श्लोकात भगवंत अर्जुनाला हाक कोणत्या नावाने मारतात, तिकडे आज जरा बघूया. पार्थ नाही, कौंतेय नाही, धनंजय नाही. इथे ते म्हणतात 'सव्यसाची'.

सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही उजव्यासारखाच बाण सोडणारा, तो सव्यसाची. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन उत्तराला आपली दहा नावं सांगतो, त्यात हे नाव येतं, आणि त्याचा अर्थ तो असा सांगतो की गांडीव ओढायला माझे दोन्ही हात उजवेच आहेत. म्हणजे हे नाव कुळाचं नाही, आईचं नाही. हे हातांच्या कसबाचं नाव आहे. आणि ज्या वाक्यात 'करणारा तू नाहीस' असं सांगायचं, नेमकं त्याच वाक्यात भगवंत त्याला या नावाने हाक मारतात. ज्याचे दोन्ही हात उजवे, त्यालाच सांगितलं की बाबा रे, हातांनी होत नाही हे.

हा श्लोक मला इतका का जवळचा, ते आज सांगते. माझा एकच हात चालतो. डावा.

चार वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसले होते. मागून एक गाडी आली आणि आम्ही दोघी रस्त्यावर पडलो. ती खरचटण्यावर निभावली. मी उजव्या खांद्यावर आपटले. मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला. मानेतून पाच नसांची मुळं निघून हाताकडे जातात, त्यांच्या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. माझ्या त्यातल्या काही ताणल्या गेल्या, काही मुळापासून सुटल्या. हाड एकही मोडलं नाही. हात आहे, पाच बोटं आहेत, लहानपणी पडल्याची खूण पण आहे मनगटावर. फक्त तो माझं ऐकत नाही. दुचाकीच्या अपघातात तरुण मुलामुलींना होणाऱ्या दुखापतींमधली ही एक नेहमीची दुखापत आहे. तेव्हा हेल्मेटबरोबर मागे बसणाऱ्यानेही सावध असावं, एवढं जाता जाता सांगते.

तुटलेली नस वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा. तोवर स्नायू वाळायला लागतात. म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून बरगड्यांमधल्या, श्वासाच्या कामाच्या काही नसा काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडल्या. कित्येक महिने काहीच नाही. मग एक दिवस खोल श्वास घेतला आणि कोपर इवलंसं हललं. पुढे बरेच दिवस तसंच चालायचं. कोपर वाकवायचं असेल तर आधी श्वास घ्यायचा. खोकला आला की हात आपला आपणच वर यायचा, आणि घरात सगळे हसायचे. हळूहळू मेंदू शिकला, आता श्वास न घेताही थोडंसं वाकतं. बोटं मात्र नाहीत. ती होणार नाहीत, हे मला स्पष्ट सांगितलेलं आहे.

आता रोजचं आयुष्य कसं असतं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील.

सकाळी टूथपेस्टची ट्यूब दातात धरायची आणि झाकण फिरवायचं. कुर्ता घालताना आधी दुखऱ्या हाताची बाही, मग डोकं, मग चांगला हात. काढताना बरोबर उलटं. नाडी बंद, सगळीकडे इलॅस्टिक. केस विंचरता येतात, वेणी घालता येत नाही. क्लच लावता येतो, तोही अंदाजाने. दुधाची पिशवी पातेल्यात उभी करून कात्रीने कापायची. परातीखाली ओलं फडकं घातलं की कणीक मळता येते, नाहीतर परात ओट्यावर माझ्याबरोबर फुगडी खेळते. सुरीने कांदा चिरायला तो धरून ठेवणारा दुसरा हात लागतो. आजीच्या विळीला मात्र पाय पुरतो! पाटावर पाय ठेवला की पातं हलत नाही, भाजी एका हाताने पुढे सारायची. विळी आमच्या घरात माळ्यावर गेली होती, माझ्यासाठी खाली आली.

डोंबिवलीहून ठाण्याला ऑफिसला जाते. लोकलमध्ये दांडी धरली की फोन नाही, फोन धरला की तोल नाही. पावसाळ्यात छत्री उघडली की हात संपला. 'हात संपला' हा आमच्या घरातला शब्दप्रयोग झालाय. आईसुद्धा दोन पिशव्या घेऊन दारात आली की म्हणते, "अगं दार उघड, माझे पण हात संपलेत."

आणि एक गोष्ट जी दोन हात असताना कधी मनातच येत नाही. हात हाताला धुतो. एकटा हात स्वतःला धुऊ शकत नाही. मी बेसिनला चिकटणारा एक ब्रश लावलाय, त्यावर तळवा घासते. डाव्या हाताची नखं तर डाव्याला काढताच येत नाहीत. माझ्या चालत्या, कामसू, सगळं घर उचलून धरणाऱ्या हाताचीच नखं काढायला दुसरं कुणीतरी लागतं.

इथे आजचा प्रश्न येतो. आपल्या पिढीचा देव कुठला असं कुणी विचारलं तर मी 'इंडिपेंडन्स' म्हणेन. स्वतःचं स्वतः करायचं, कुणाच्या उपकारात राहायचं नाही. वाईट नाहीच ते. पण मग ज्याला रोज कुणाचा तरी हात लागतो, तो माणूस कमी आहे का? आणि दुसऱ्याची मदत घेणं ही नुसती नाइलाजाची गोष्ट, की त्यातही काही धर्म आहे?

आधी हातांबद्दल गीता काय दाखवते ते बघूया. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे दोन्ही हात शाबूत आहेत. जखम नाही, नस तुटलेली नाही. तरी त्याच्या हातातून गांडीव गळतंय. म्हणजे सगळ्यात तरबेज हातसुद्धा, मन खचलं की निकामी. हात आहे म्हणून काम होत नाही, याचा पुरावा पहिल्याच अध्यायात आहे. आणि अकराव्यात तोच अर्जुन काय बघतो? अगणित बाहूंचं रूप. घाबरून तो शेवटी विनंती करतो की देवा, पुन्हा चार हातांचाच हो. या अख्ख्या अध्यायात अर्जुनाचे स्वतःचे हात काय करतायत? ते जोडलेले आहेत. धनुष्य त्यात नाहीच.

मग अठराव्या अध्यायात भगवंत कुठलंही काम कसं घडतं त्याचा हिशेबच मांडतात. पाच कारणं लागतात : शरीर, करणारा, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. लगेच पुढे म्हणतात की इतकं असूनही जो फक्त स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

दोन हात असताना हे वाचायला छान वाटतं, एवढंच. कारण सगळं इतकं सुरळीत होत असतं की पाचातली चार कारणं दिसतच नाहीत. एक हात गेला की ती दिसायला लागतात. चहाचा कप माझ्या तोंडापर्यंत येतो त्यात ओट्याची उंची आहे, कपाचा कान आहे, दुधाची पिशवी कापायला कात्री कुणीतरी जागेवर ठेवलेली आहे. माझं कोपर जे थोडं वाकतं, ते श्वासाच्या नसेवर वाकतं. ते वाकणं माझं म्हणू, डॉक्टरांचं म्हणू, की जो आत-बाहेर करतोय त्याचं म्हणू? मला तरी हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न वाटत नाही, हा माझ्या कोपराचा प्रश्न आहे.

म्हणजे मदत लागणं ही माझ्यासारख्यांची खास परिस्थिती नाहीये. ती सगळ्यांचीच आहे. माझी दिसते, तुमची झाकलेली आहे.

पण थांबा. हे बोलणं इथेच सोडलं तर फार गोड होईल. सगळे एकमेकांवर अवलंबून आहेत म्हटलं म्हणजे प्रश्न सुटत नाही, कारण मदत करण्याच्या तऱ्हा असतात आणि त्यातल्या काही बोचतात.

लोकलमध्ये मला चढवायला म्हणून कुणीतरी माझा उजवा हात धरून खेचतं. हेतू चांगलाच असतो. पण त्या हाताच्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू गेलेत, आणि एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. ते सगळं ओझं सैल खांद्यावर लटकतं. खेचलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दिव्यांगांच्या डब्यात बसले तर उलटा अनुभव. पट्टा नसेल आणि ओढणीत हात झाकलेला असेल तर बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग कुणीतरी दरडावतं, "मॅडम, हा डबा तुमच्यासाठी नाही." पर्समधून कार्ड काढायलाही तोच हात, आणि त्याने दांडी धरलेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, ४० टक्क्यांच्या वरच्यांना सवलती दिल्या. माझ्याकडे टक्क्यांचा कागद आहे. पण कुणाचं दुखणं किती, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, तेव्हा दरडावण्याआधी एकदा हळू विचारावं.

तिसरी तऱ्हा सगळ्यात जड. "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार." हे मला सत्संगाच्या ठिकाणीसुद्धा ऐकायला मिळालंय, आणि म्हणणाऱ्या मावशी मनाने वाईट नव्हत्या. कर्मसिद्धांत मी मानते. पण तो कुणी कुणाला सांगायचा, हे महत्त्वाचं आहे. रणांगणावर रडणाऱ्या अर्जुनाला भगवंत असं म्हणत नाहीत की हे तुझ्या जुन्या पापाचं फळ, भोग आता. ते बोलतात पुढच्या पावलाबद्दल. आता तुझ्या हातात काय आहे, याबद्दल. कर्माचा विचार स्वतःच्या पुढच्या कृतीसाठी वापरला की तो दिवा होतो. दुसऱ्याच्या दुखण्यावर तोच विचार लावला की नुसता शिक्का उरतो. आणि शिक्का मारल्यावर मदत करायची जबाबदारीही संपते, नाही का? म्हणून तर तो इतका सोयीचा.

मग मदत करावी तर कशी? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेत आहे.

कथा तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना गोरोबांचं मूल पायाखाली गेलं. पुढे पत्नीने विठोबाची शपथ घातली की मला स्पर्श करायचा नाही, आणि गोरोबांनी ती दोन्ही बायकांबाबत पाळली. एका रात्री झोपेत त्यांचे हात बायकांच्या अंगावर ठेवले गेले. शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात तोडले. कथेचा हा भाग फार कठोर आहे, आणि तो कुणी आदर्श म्हणून घेऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शेवट सगळ्यांना आठवतो. पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन चालू असताना सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले, गोरोबांनीही आपले थोटे हात उचलले, आणि त्यांना हात फुटले.

अपघातानंतर पहिल्या वर्षात ही कथा मला तीन-चार जणांनी तरी पाठवली. "श्रद्धा ठेव, तुझाही हात येईल." मी फोन बाजूला ठेवून द्यायची. ज्याचा हात येत नाही त्याची श्रद्धा कमी पडली, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो, आणि तो त्या रात्री माझ्याबरोबर अंथरुणात असायचा.

पण कथेत एक मधला भाग आहे, जो पाठवणारे गाळतात. हात तुटल्यावर आणि हात फुटण्याआधी, मधल्या दिवसांत गोरोबांच्या घरी काय चाललं होतं? कुंभाराचं घर. चाक बंद, चूल बंद. तेव्हा म्हणे पांडुरंग आणि रुक्मिणी कुंभाराच्या वेषात त्यांच्या दारी आले, गरुड गाढव झाला, आणि विठू कुंभार म्हणाला की आम्हाला काम हवंय, ठेवून घ्याल का? मग देवाने चिखल तुडवला, मडकी घडवली, बाजारात विकली.

बघा हं, देव उपकार करायला आला नाही. काम मागायला आला. गोरोबांना 'तुमची दया आली' असं कुणी म्हटलं नाही. ते मालकच राहिले, देव गडी झाला. आणि गोरोबांनी काय केलं? त्यांनी त्याला ठेवून घेतलं. कोण आहे हे ओळखलं नाही, तरी नको म्हटलं नाही. माझ्या दृष्टीने चमत्कार इथेच पुरा झाला. हात नंतर फुटले, पण त्याआधीच घरात हात आलेले होते.

मदत करणाऱ्यासाठी यात सगळं आहे. वरून वाकून देऊ नका, बाजूला येऊन उभे राहा. विचारा, "काय करू?" माझी ऑफिसातली एक मैत्रीण डबा खाताना काही न बोलता स्वतःच्या पोळीबरोबर माझ्याही पोळीचे चार तुकडे करून ठेवते आणि बोलणं चालूच ठेवते. पहिल्या दिवशी तिने फक्त एवढं विचारलं होतं, "तोडू का गं?" विठू कुंभार असाच आला असणार.

आणि मदत घेणाऱ्यासाठी? त्याचं उत्तर मला दर रविवारी मिळतं. शनिवारी नखं काढायची नाहीत हा आईचा नियम, त्यामुळे रविवार. आई चष्मा लावून गॅलरीत बसते, मी तिच्यासमोर डावा हात धरते. खरं सांगायचं तर लाकडी पट्टीवर बसवलेलं नेलकटर मिळतं. नख त्याच्या खाली धरायचं आणि दुखऱ्या हाताच्या कोपराने दाबायचं. माझ्याकडे ते आहे, जमतंही. आई गावाला गेली की मी तेच वापरते. तरी ती असली की मी तिच्यासमोर हात करते. तिला आता जवळचं नीट दिसत नाही, ती माझं बोट उजेडाकडे वळवून घेते, एकेक नख तपासते. अपघाताच्या रात्री तिच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. आता दहा मिनिटं असतं. तेव्हा रविवारी कोण कुणाला देतंय, हे मला नक्की सांगता येत नाही. घेणं हीसुद्धा एक सेवा असू शकते, एवढं म्हणते. मात्र ती जमायला हवी असेल तर 'नको' म्हणण्याचीही ताकद असावी लागते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं घेणं ही लाचारीच राहते. म्हणून ते नेलकटरही हवंच.

आणि म्हणूनच आजच्या श्लोकात 'निमित्त हो' याच्या आधी 'ऊठ' आहे. क्रम लक्षात घ्या. नुसतं निमित्त म्हटलं तर माणूस हातावर हात ठेवून बसेल. (मला ते तसंही जमत नाही म्हणा!) भगवंत आधी उठवतात. जेवढं तुझ्याकडे आहे तेवढं पूर्ण वापर, मग ते तुझं नाही म्हण.

मला लोक दिव्यांग खेळाडूंचे व्हिडिओ पाठवतात. सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारींनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं, तेव्हा तर दिवसभर फोन वाजत होता. राजस्थानच्या देवेंद्र झाझडियांचा भालाही असाच. लहानपणी झाडावर चढताना विजेचा धक्का बसून त्यांचा डावा हात गेला. २००४ ला अथेन्समध्ये सुवर्ण, २०१६ ला रिओमध्ये ६३.९७ मीटर फेकून पुन्हा सुवर्ण. मला यात पदकांपेक्षा मधली बारा वर्षं दिसतात. २००८ आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या गटाची भालाफेक स्पर्धाच नव्हती. फळ मिळण्याची जागाच काढून टाकलेली, आणि माणूस खेळ सोडून घरी बसला नाही. फळाची आशा न धरता कर्म कर, हे समजायला मला याहून साधं उदाहरण सापडलं नाही. माझं मैदान म्हणजे आमचा ओटा. तिथे माझं पदक म्हणजे न तुटता तव्यावर पडलेली भाकरी. अजून रोज पडत नाही.

आता हे सगळं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल, हिला पटलंय, हिचं दुःख संपलं. नाही संपलं. सुटलेल्या नसा रात्री जाळतात. ज्या बोटांना स्पर्श कळत नाही, त्यांना आग मात्र कळते. विचित्र आहे, पण आहे. औषधं आहेत, पूर्ण उपाय नाही. नाम घेतलं की दुखणं थांबतं असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं होत नाही. नाम घेतलं की दुखण्याशिवाय आणखीही काहीतरी त्या खोलीत असतं. रात्री तीन वाजता एवढाही फरक खूप असतो.

डाव्या हाताने देवाचं करणं हा पण एक प्रश्न होता. आपल्याकडे देवाचं सगळं उजव्याने. माळ उजव्याने, प्रसाद उजव्यात. मध्यंतरी एका देवळात मी तीर्थासाठी डावा हात पुढे केला. गुरुजी थांबले, "उजवा करा." मी डाव्या हाताने उजवा उचलून पुढे धरला, पण त्याची ओंजळ होत नाही, पाणी सगळं सांडलं. रांग खोळंबली. मागच्या आजी म्हणाल्या, "अहो गुरुजी, डाव्यावर द्या की. तिचा तोच उजवा आहे." गुरुजींनी दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना जे शिकवलं ते त्यांनी सांगितलं. नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागतात, आणि अट एकच घालतात, भक्तीची. कुठल्या हाताने द्यायचं ते तिथे लिहिलेलं नाही. पण 'तिचा तोच उजवा' हे वाक्य मी घरी घेऊन आले. अर्जुनाने आपल्या नावाचा अर्थ सांगितला तोच आजींनी माझ्या हाताबद्दल सांगितला होता, आणि त्यांना बहुतेक ते ठाऊकही नसावं.

भजनात टाळ मला धरता येत नाहीत, आणि एका हाताने टाळी वाजत नाही ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण चिपळ्या एका हातात वाजतात. कीर्तनकाराच्या एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळ्या, हे आपण पाहतोच. एकादशीच्या भजनात मी आता चिपळ्या धरते. ताल अजून मधेच सुटतो. शेजारच्या काकू मानेने सावरून घेतात.

आजच्यासाठी छोटासा अभ्यास, नेहमीसारखा. तीन गोष्टी, जमतील तेवढ्या.

पहिली. आज दिवसातलं कुठलंही एक काम घ्या, चहा करणं, बूट घालणं, आणि ते पूर्ण होईपर्यंत त्यात आणखी कुणाकुणाचा हात लागला ते मोजा. पाचाच्या आत थांबू नका.

दुसरी. आज कुणाला मदत करावीशी वाटली तर हात धरण्याआधी "काय करू?" असं विचारा, आणि उत्तर "काही नको" आलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

तिसरी, बहुतेकांना सगळ्यात अवघड. आज कुणीतरी तुमच्यासाठी काही करू पाहील. आई डबा भरून देईल, सहकारी बॅग उचलेल. एकदा तरी 'अरे असू दे, मी करतो' न म्हणता ते होऊ द्या. दारात काम मागत कोण उभं आहे, ते गोरोबांनाही कळलं नव्हतं.

पांडुरंगा, जो हात दिला आहेस तो कामात राहू दे. जो नाही, त्याच्या जागी जे जे हात पाठवतोस ते ओळखायची बुद्धी दे. आणि दोन्ही हात चालणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना कधीतरी 'हात संपला' म्हणायची लाज वाटू नये, असं कर.

उद्या ३४ वा श्लोक. भेटूच.

राम कृष्ण हरी!